दुसरा नंबर कोनाचा?

आमच्या भागाचे एक लोकप्रतिनिधी, म्हणजे खासदार, केंद्राच्या अर्थसंकल्पावर फार सुरेख बोलतात. नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण माणूस बदलला, पक्ष बदलला, तरी हे भाषण तेच राहतं. फेब्रुवारीत अर्थसंकल्प आला की तालुक्याच्या मंगल कार्यालयात कार्यक्रम ठरलेला. हरभरा सोंगणीला आलेला असतो, तुरीची मळणी चाललेली असते, तरी माणसं येतात. चहा-पोहे असतात हे खरं, पण यवतमाळकडच्या माणसाला भाषण ऐकण्याची हौस उपजतच आहे. मी सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव म्हणून निवृत्त झालो. आयुष्य पीककर्जाच्या कागदांत गेलं, त्यामुळे आकडे म्हटले की माझे कान टवकारतात. भाषण विसरतो, आकडे लिहून आणतो.

2025 च्या फेब्रुवारीतलं भाषण माझ्या वहीत आहे. एकूण खर्च 50 लाख 65 हजार कोटी. त्यातला भांडवली खर्च, म्हणजे रस्ते, रेल्वे, पूल अशा टिकाऊ कामांवरचा, 11 लाख 21 हजार कोटी. आर्थिक पाहणी अहवालाने येत्या वर्षाची वाढ 6.3 ते 6.8 टक्के धरलेली. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. आधी वाढ, मग वाटप. रस्ते झाले की माल हलतो, माल हलला की कारखाने येतात, कारखाने आले की पोरांना काम मिळतं आणि सरकारला कर मिळतो, त्या करातून मग शेतकऱ्यासाठी काय करायचं ते करता येतं. नुसती माफी आणि नुसतं अनुदान वाटत बसलो तर देश तिथल्या तिथेच राहील.

हे म्हणणं टाकाऊ नाही, आणि वर्तमानपत्रात मधल्या पानावर लिहिणारी पुष्कळ शहाणी माणसंही तेच म्हणतात. पण पुढच्या दहा मिनिटांत साहेबांनी या अर्थसंकल्पात शेतकरी पहिला आहे असं सांगितलं. मग तरुण पहिले आले. मग महिला पहिल्या आल्या. मध्यमवर्गाला बारा लाखांपर्यंत आयकर नाही, तेव्हा तोही पहिला. संरक्षण तर पहिलं असायलाच पाहिजे. एवढ्यात मागच्या खुर्च्यांवरून आमच्याच गावचे एक म्हातारे कास्तकार उठले आणि म्हणाले, "सायेब, सगळेच पयले. मंग दुसरा नंबर कोनाचा?"

हशा पिकला. साहेबही हसले, "दादा, तुमचाच पहिला," म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे गेले. मला मात्र वाटतं, अर्थसंकल्पावर विचारण्यासारखा प्रश्न हा एवढाच आहे. पैसा मोजका असतो. कुणाला पुढे बसवायचं तर कुणाला तरी मागे सरकवावं लागतं. कुणाला मागे सरकवलं हे जो सांगत नाही त्याने अर्थसंकल्पावर मत दिलं असं मी धरत नाही.

त्याच कार्यक्रमात एक घडीपत्रक वाटलं होतं, रुपया कसा येतो आणि कसा जातो त्याचं. दर रुपयात 24 पैसे उसने घेतलेले, आणि जाताना 20 पैसे व्याजात. माझ्या शेजारी बसलेल्या पोराने ते वाचलं आणि म्हणाला, "काका, सरकारबी आपल्यावानीच हाय मंग." मी त्याला म्हटलं, नाही रे बाबा. तुझं कर्ज थकलं की पुढच्या जूनमध्ये तुला बियाण्याला पैसा मिळत नाही. सरकार जुनं फेडायला नवं काढतं, आणि देणारे रांगेत उभे असतात, सातबारा मागत नाहीत. तो फरक सोडला तर तुझं बरोबर आहे. पत्रकातल्या रुपयात राज्यांना जाणारा करांचा वाटाही धरलेला असतो. तो सोडून नुसत्या एकूण खर्चाशी ताडून पाहिलं तर व्याज 12 लाख 76 हजार कोटी आहे, म्हणजे चौथा हिस्सा. साहेबांच्या भाषणात व्याजाला नंबरच नव्हता. खरं तर पहिला नंबर त्याचाच, कारण बाकी सगळ्यांना थांबवता येतं, त्याला नाही.

भांडवली खर्चावर थोडं जास्त बोलावंसं वाटतं, कारण तो आम्हाला दिसतो. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा 284 किलोमीटरचा रेल्वेमार्ग 2008-09 च्या सुमारास मंजूर झाला. त्यातला वर्धा ते कळंब एवढा तुकडा सुरू झाला 28 फेब्रुवारी 2024 ला, पंतप्रधान यवतमाळला आले तेव्हा. मंजुरीच्या वर्षी जन्मलेली पोरं तोवर दहावीला आली होती. तरी कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जाणाऱ्याला आता देवळी-भिडीवरून गाडी आहे, याचा मला आनंदच आहे. शकुंतला ही आमची जुनी छोटी रेल्वे बंद पडल्यावर यवतमाळच्या माणसाला रेल्वे ही दुसऱ्यांच्या गावातली गोष्ट झाली होती. रूळ पडले की जमिनीचे भाव हलतात, पोरं वर्ध्याला शिकायला जाऊ शकतात, हे मी डोळ्यांनी पाहतो आहे. साहेब इथे चुकत नाहीत.

फक्त ते आकडा सांगतात तो सुरू केलेल्या कामांचा, संपवलेल्या कामांचा नाही. भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन 1988 च्या एप्रिलमध्ये राजीव गांधींच्या हस्ते झालं. तेव्हाचा अंदाज 372 कोटींचा. पुढे 2009 मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, म्हणजे दिल्लीच्या तिजोरीतून मोठा वाटा येऊ लागला. खर्चाचा अंदाज 18 हजार कोटींच्या पुढे गेला. धरण झालं, पण कालवे आणि पोटकालवे मागेच रेंगाळले. अर्धवट कालव्यावर व्याज मात्र पूर्ण लागतं. म्हणून मला नवीन घोषणेचं फार कौतुक वाटत नाही. चालू असलेल्या दहा कामांतली तीन पुरी करा, सात थांबवा, आणि थांबवलेल्या सातांची यादी त्या त्या गावात जाऊन वाचा, असं म्हणणारा लोकप्रतिनिधी मला पाहायचा आहे. तो निवडून येणार नाही, ही गोष्ट वेगळी.

वाढीबद्दलही असंच. देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा साधारण सहाव्या हिश्श्याच्या आसपास, आणि काम करणाऱ्या शंभर हातांपैकी 46 शेतीत. त्यामुळे शेती एखाद्या वर्षी जागच्या जागी राहिली तरी देशाची वाढ साडेसहा टक्के दिसू शकते. ती खोटी नसते, फक्त तिला आमच्या गावावरून जावं लागत नाही. मंगल कार्यालयातल्या माणसाला साडेसहा टक्के म्हणजे आपल्या घरात शंभराचे एकशे साडेसहा झाले असं वाटतं, आणि मग तो घरी जाऊन सोयाबीनचं बिल काढून पाहतो.

दुसरा नंबर गुपचूप कसा दिला जातो ते मी 2008 मध्ये जवळून पाहिलं. त्याआधी 2006 ला 30 जूनला डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले होते, आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज दिलं होतं. थकीत व्याज माफ झालं, मुद्दल उरली. मग 29 फेब्रुवारी 2008 च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी कर्जमाफी जाहीर केली, 60 हजार कोटींची. सोसायटीच्या पायरीवर त्या दिवशी गुलाल उडाला. रेडिओवर आधी आकडा आला, अटी दुसऱ्या दिवशी पेपरात आल्या.

अट अशी की जमीन दोन हेक्टरपर्यंत असेल तर पूर्ण माफी. दोन हेक्टर म्हणजे पाच एकर. त्याहून गुंठाभर जास्त असेल तर आधी 75 टक्के भरा, मग 25 टक्के सूट. आमच्यासारख्या जिल्ह्यांत 25 टक्के किंवा 20 हजार, यातलं जे जास्त असेल ते. 31 मार्च 2007 पर्यंत उचललेलं आणि 31 डिसेंबर 2007 ला थकलेलं कर्जच धरायचं.

याद्या मी केल्या. माझ्या सोसायटीत पाच एकरांच्या आतला सभासद कमी आणि सात-आठ एकरांचा जास्त. हे कुणा श्रीमंतीचं लक्षण नाही. कोरडवाहू जमिनीत पाच एकरांवर घर चालत नाही, म्हणून आमच्याकडे जमिनी मोठ्या दिसतात. पाणी असलेल्या मुलखात चार एकर ऊस असणारा माणूस कागदावर छोटा शेतकरी ठरला आणि पूर्ण माफीत बसला. इकडे सात एकर पऱ्हाटी, म्हणजे कापूस, पावसाच्या भरवशावर लावणारा मोठा शेतकरी ठरला. त्याच्याकडे 75 टक्के भरायला असते तर तो थकबाकीत आलाच नसता. आणि ज्याने बैलजोडी विकून डिसेंबरच्या आधी कर्ज भरलं होतं तो तर यादीत कुठेच नव्हता. यादी फळ्यावर लावली तेव्हा असं कर्ज भरलेला एक जण बराच वेळ वाचत उभा राहिला आणि मला म्हणाला, "भाऊ, म्या भरलं थे चुकलंच मंग." माझ्याजवळ उत्तर नव्हतं. बँकेकडेही नव्हतं.

दिल्लीत कुणी ठरवून विदर्भाला मागे ढकललं असं मी म्हणत नाही. तिथे जमीन हेक्टरात मोजली, पाण्यात मोजली नाही, एवढंच झालं. पण एवढ्यानेच कोरडवाहूचा नंबर दुसरा झाला, आणि ते कुणाला बोलावं लागलं नाही. त्या अर्थसंकल्पावर भाषण करणारे सगळे कर्जमाफी झाली एवढंच सांगत फिरले.

खताचंही तसंच आहे. युरियाची 45 किलोची गोणी आम्हाला 266 रुपये 50 पैशांत मिळते, कित्येक वर्षं तोच भाव. खरी किंमत त्याच्या कितीतरी पट आहे, फरक सरकार भरतं. 2025-26 मध्ये खताच्या अनुदानाला 1 लाख 68 हजार कोटींच्या जवळपास धरले होते, आणि कृषी व शेतकरी कल्याण विभागाला सगळं मिळून 1 लाख 27 हजार कोटी. त्यातच पीएम किसानचे 63,500 कोटी, म्हणजे वर्षाला सहा हजार रुपयांचे हप्ते. आता जिथे पाणी तिथे खत जास्त, आणि जिथे खत जास्त तिथे अनुदान जास्त. हे अनुदान बंद करा म्हणायची माझी हिंमत नाही, माझ्याही वावरात युरिया पडतो. पण वाटणीचा हिशेब तरी कुणी उघड मांडावा.

शेतकरी संघटनेचे शरद जोशी 2004 ते 2010 राज्यसभेत होते. उणे सबसिडीचा हिशेब आमच्याकडच्या पोरासोरांना त्यांच्यामुळे पाठ झाला. शेतमालाचे भाव धोरणाने पाडून सरकार शेतकऱ्याला देतं त्याहून जास्त काढून घेतं, हे त्यांचं म्हणणं. खुल्या बाजारावरचा त्यांचा विश्वास मला कधी पूर्ण पटला नाही. बाजार समितीच्या गेटवर बंडी लावून उभं राहिलेल्या माणसाला खुला बाजार म्हणजे काय ते वेगळं कळतं. पण त्यांनी दुसरा नंबर सांगितला होता: स्वस्त धान्य आणि स्वस्त कापूस हवा असलेल्या शहरांनी मागे व्हावं. बसायचं तर त्यावर भांडत बसता येत होतं.

त्याहून स्पष्ट उदाहरण वि. स. पागे यांचं. माणूस तासगावकडचा, 1960 ते 1978 विधान परिषदेचा सभापती. खेड्यातल्या प्रत्येक मागेल त्या हाताला काम द्यायचं, ही त्यांची कल्पना. मुख्यमंत्री होते आमच्या पुसदचे वसंतराव नाईक. 1972 च्या दुष्काळात त्या रोजगार हमीचा राज्यभर विस्तार झाला, 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. पैसा कुठून आला? 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला. मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या पगारातून दर महिन्याला थोडी रक्कम कापली जाऊ लागली, आणि तेवढीच भर सरकार घालू लागलं. पगाराच्या चिठ्ठीवर तो कर आजही आहे, पुष्कळांना तो कशासाठी सुरू झाला हे ठाऊक नसेल. पागेंनी खेड्यातल्या मजुराला पहिला नंबर दिला आणि दुसरा कुणाचा ते कायद्यात लिहून ठेवलं. माझी आई त्या कामावर खडी फोडायला गेली आहे, म्हणून या गोष्टीत माझा जीव जरा जास्त अडकतो. त्या कामांत लबाड्याही झाल्या, हजेरीपटावर मेलेली माणसं मी पाहिली आहेत. तरी कल्पना मांडताना कुणी लपवाछपवी केली नव्हती.

आता आपल्या साहेबांच्या हातात काय असतं ते पाहू. गावोगाव निवेदन घेताना ते म्हणतात, "वाढवून आणतो." गंमत अशी की राज्यघटनेने खासदाराला खर्च वाढवून मागण्याचा अधिकारच दिलेला नाही. अनुच्छेद 113 प्रमाणे लोकसभेला मागणी मंजूर करता येते, नाकारता येते किंवा कमी करता येते. वाढवता येत नाही. म्हणून खासदाराचं हत्यार आहे कपात प्रस्ताव. एखादी तक्रार मांडायची तर 100 रुपयांची कपात सुचवायची. धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपयावर आणा म्हणायचं. पैसे त्याने कमी होत नाहीत, पण मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. हे वाचलं तेव्हा मला ते म्हातारे कास्तकार आठवले. मागे कुणी सरकायचं हे सांगण्याचीच सोय घटनेने करून ठेवली आहे.

आणि ती वापरायलाही वेळ मिळत नाही. सगळ्या खात्यांच्या मागण्यांवर चर्चा होतच नाही. ठरलेल्या दिवशी उरलेल्या सगळ्या एकदम मतदानाला टाकतात, त्याला गिलोटीन म्हणतात. 2018 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये गोंधळात सगळ्याच मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या, कृषी खात्यासकट. आमच्या ग्रामसभेत हातपंपाच्या दुरुस्तीवर याहून जास्त वेळ भांडण चालतं.

हे सगळं मी इतकं धरून का बसलो, तर कापसामुळे. 2021 च्या अर्थसंकल्पाने बाहेरून येणाऱ्या कापसावर 11 टक्के शुल्क लावलं होतं. 2025 च्या अर्थसंकल्पात कापसाची उत्पादकता वाढवण्यासाठी पाच वर्षांचं मिशन जाहीर झालं. साहेबांनी त्यावर टाळ्या घेतल्या, आम्हीही दिल्या. त्याच वर्षी 18 ऑगस्टला अधिसूचना निघाली आणि शुल्क शून्य झालं, आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग दहा दिवसांतच मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली. म्हणजे आमची पहिली वेचणी ते जिनिंगच्या ऐन हंगामापर्यंत. कापड गिरण्यांना अमेरिकेच्या वाढीव आयात कराचा तडाखा बसत होता, त्यांना स्वस्त रुई हवी होती, हे कारण मला समजतं. तिरुपूरच्या शिलाई मशीनवर बसलेली बाईही पोटासाठीच बसली आहे. पण मग कुणीतरी उभं राहून म्हणायला हवं होतं की यंदा गिरणी पहिली आणि पऱ्हाटी दुसरी, आणि दुसरीची भरपाई अशी करू.

कुणी म्हटलं नाही. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता आणि खेडा खरेदीवाला दारात येऊन त्याच्या खाली मागत होता. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, द्यायचा तर मोबाईलवर कपास किसान ॲपमध्ये नोंदणी, आधार, सातबारा, आणि ओलावा 8 ते 12 टक्क्यांच्या आत. दिवाळीच्या आधीच्या पावसाने भिजलेल्या कापसात तो कुठून येणार? वेचणीचा दर किलोमागे वाढलेलाच, बाया मिळत नाहीत. ज्याच्या घरी पोरीचं लग्न निघालं होतं त्याने मिळेल त्या भावात दिला.

सीमाशुल्क कायद्यात अशी तरतूद आहे की या अधिसूचना संसदेच्या दोन्ही सभागृहांत ठेवाव्या लागतात, आणि सदस्याला त्यात बदल सुचवता येतो. 18 ऑगस्टला अधिवेशन चालू होतं, 21 तारखेला संपलं. मुदतवाढ निघाली ती त्यानंतर. डिसेंबरमध्ये पुन्हा अधिवेशन होतं. हे मी कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं. शुल्काच्या अधिसूचनेवर बदलाची सूचना द्यावी, आणि पुढच्या अर्थसंकल्पात कृषी खात्याच्या मागणीवर 100 रुपयांचा का होईना कपात प्रस्ताव टाकावा, अशा दोन विनंत्या. साहेबांच्या कार्यालयात गेलो, ते दौऱ्यावर होते. त्यांच्या स्वीय सहायकाने कागद वाचला, परत वाचला, आणि सौजन्याने म्हणाला, "काका, हे वरचं आहे. रस्ता, सभामंडप असं काही असेल तर द्या, त्याला वर्षाला पाच कोटींचा निधी असतो."

पाणंद रस्त्याचं निवेदन माझ्या पिशवीत होतंच. तेही दिलं. पावसाळ्यात त्या रस्त्याने बंडी जात नाही, तेव्हा तो लागतोच. दोन्ही कागदांवर पोच घेतली.